क्लच दाबूनही गाडी ओढते, न्यूट्रल लागत नाही: सेट बदलण्याआधी काय तपासाल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. 150 सीसीची गाडी, 38,000 किलोमीटर झालेली. इंदुरात घर विजयनगरला, नोकरी राजवाड्याजवळ. सकाळी पहिला गिअर टाकला की धाडकन आवाज होऊन गाडी हिसका खाते. मग दहा मिनिटं बरी चालते. पलासियाच्या सिग्नलपर्यंत इंजिन तापलं की क्लच पूर्ण दाबून धरला तरी गाडी पुढे सरकू पाहते आणि न्यूट्रल काही केल्या लागत नाही. इंजिन बंद केलं की मात्र लगेच लागतं. मेकॅनिकने दोनदा क्लच वायर आवळून दिली. आता तो म्हणतो, पूर्ण क्लच सेट टाका. टाकावा का?

आज टाकू नका. कदाचित शेवटी काही प्लेटा बदलाव्या लागतीलही, पण कोणत्या आणि का, हे कळल्याशिवाय सेट टाकला तर महिन्याभरात तुम्ही याच जागी परत याल. मी रामबागेत सत्तावीस वर्षं दुचाकींचं काम करतो आहे आणि नवा सेट टाकूनही ओढणाऱ्या गाड्या माझ्याकडे दर पावसाळ्याआधी येतातच.

आधी दुखणं नीट ओळखू. क्लचची दोन दुखणी असतात आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. क्लच स्लिप मारतो, म्हणजे लिव्हर सोडलेला असताना प्लेटा घट्ट धरत नाहीत. इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. दुसरं म्हणजे क्लच सोडत नाही, लिव्हर दाबलेला असताना प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात. तुमचं दुखणं हे दुसरं. इंजिन बंद केल्यावर न्यूट्रल सहज लागतं, यावरून गिअरबॉक्स बहुधा निर्दोष आहे असं मी धरतो. इंजिन बंद असतानाही लागलं नसतं तर मी गिअर शाफ्टकडे आणि शिफ्ट ड्रमकडे बघितलं असतं.

आत काय घडतं ते डोळ्यांसमोर आणा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचमध्ये कॉर्कच्या प्लेटा आणि स्टीलच्या प्लेटा एकाआड एक बसवलेल्या असतात. (कॉर्क हा आमचा जुना शब्द. आता त्यावर वेगळं घर्षण-मटेरियल असतं, पण बाजारात कॉर्कच म्हणतात.) कॉर्क प्लेटांचे दात बाहेरच्या हाउसिंगच्या खाचांत बसतात आणि हाउसिंग इंजिनबरोबर फिरतं. स्टील प्लेटांचे दात आतल्या हबवर बसतात आणि हब गिअरबॉक्सला जोडलेला असतो. स्प्रिंगा प्रेशर प्लेटमार्फत हा सगळा थर दाबून धरतात. तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा प्रेशर प्लेट उचलली जाते आणि प्लेटा सुट्या होतात.

आता ही उचल किती असते? या आकाराच्या गाड्यांत जेमतेम एक ते दीड मिलिमीटर. उदाहरणासाठी 1.2 मिलिमीटर धरू. चार कॉर्क प्लेटा असतील तर त्यांच्या आठ बाजू झाल्या. 1.2 भागिले 8, म्हणजे प्रत्येक बाजूच्या वाट्याला 0.15 मिलिमीटर फट. माणसाच्या दोन केसांएवढी. एवढ्या फटीवर तुमचं न्यूट्रल अवलंबून आहे. त्यामुळे क्लच सोडत नाही तेव्हा मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: ही उचल कुठे हरवते आहे? लिव्हरपासून प्लेटांपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी ती खाल्ली जात असते, किंवा उचल पूर्ण मिळूनही प्लेटा वाकड्या असल्यामुळे पुरत नसते, किंवा प्लेटा मागे सरकायला तयार नसतात. चौथी शक्यता ऑइलची.

दोष बाहेर आहे की आत, हे वेगळं करायची एक सोपी चाचणी आहे. गाडी तुमच्या त्रासाच्या तापमानाला येईपर्यंत फिरवून आणा, मधल्या स्टँडवर लावा, इंजिन बंद करा. पहिला गिअर टाका, लिव्हर हँडलपर्यंत दाबून धरा आणि मागचं चाक हाताने फिरवा. बोटं साखळीपासून लांब ठेवा. थोडा जडपणा राहणारच, कारण ऑइलमध्ये प्लेटा एकमेकींना किंचित ओढतात. पण चाक फिरायलाच तयार नसेल तर क्लच सुटलेला नाही. आता लिव्हर तसाच दाबलेला असताना कुणाला तरी इंजिनजवळचा क्लचचा आर्म, जिथे वायर येऊन अडकते तो दांडा, पान्याने वायरीच्याच दिशेने हळूच आणखी थोडा ओढायला सांगा. इंजिन गरम असतं, हातात कापड असू द्या. एवढ्याने चाक मोकळं झालं, तर दोष बाहेर आहे: लिव्हर, वायर, ॲडजस्टर. काहीच फरक पडला नाही, तर दोष आत आहे. निम्मा निकाल इथेच लागतो आणि त्यासाठी एकही बोल्ट उघडावा लागत नाही.

बाहेरच्या दोषांत लोक फक्त वायरीकडे बघतात. वायर बघाच. टोकाशी तार सुटली आहे का, बाहेरचं आवरण कुठे मुडपलं किंवा वितळलं आहे का, हँडल वळवल्यावर ताण बदलतो का. आवरण मऊ पडलं असेल तर लिव्हर दाबताना तेच आखडतं आणि तुमचा जोर तिथेच जिरतो. असली वायर कितीही आवळली तरी उपयोग नाही, ती बदलायची. पण त्याहून जास्त वेळा मला दोष सापडतो तो लिव्हरच्या बोल्टात. लिव्हरचं भोक घासून लंबगोल होतं. लिव्हर वर-खाली हलवून बघा, टोक सूतभर डुलत असेल तर समजा. हिशोब करून बघा: लिव्हर दाबल्यावर वायर 10 मिलिमीटर सरकते आणि त्यातून 1.2 ची उचल मिळते असं धरलं, तर भोक आणि बोल्ट मिळून 2 मिलिमीटर खाल्ले की उचल 0.96 वर आली. प्रत्येक फट 0.15 ची 0.12 झाली. थंड गाडीत ते चालून जातं, तापल्यावर नाही. बोल्ट आणि लिव्हर या दोन वस्तू पूर्ण सेटच्या किमतीच्या जवळपासही जात नाहीत.

आता तुमच्या मेकॅनिकने केलेल्या आवळण्याबद्दल, कारण मला खरी काळजी त्याची आहे. वायर सैल असेल तर आवळणं बरोबरच आहे. पण लिव्हरला थोडा मोकळा खेळ ठेवावाच लागतो. होंडा घराण्याच्या बऱ्याच गाड्यांत तो लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर सांगितलेला असतो, काही कंपन्या लिव्हरच्या बुडाशी 2 ते 3 मिलिमीटर मोजायला सांगतात. तुमच्या गाडीचं पुस्तक काय म्हणतं ते बघा, तोच आकडा खरा. कॉर्क झिजतो तसा हा खेळ आपोआप कमी होत जातो, कारण थर पातळ झाला की प्रेशर प्लेट आत सरकते आणि आर्म मागे ढकलला जाऊन वायर ताणतो. अशा वेळी ओढ घालवण्यासाठी वायर आणखी आवळली की लिव्हर सोडलेला असतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहतो. मग प्लेटा घसरतात, तापतात, स्टील प्लेट निळी पडते आणि वाकते. वाकलेली प्लेट सुटत नाही. म्हणजे ओढीचा इलाज म्हणून केलेलं आवळणं ओढ कायमची करून ठेवतं. तुम्ही लिहिलंत की दुसऱ्यांदा आवळल्यानंतर त्रास वाढला. म्हणून आज संध्याकाळीच इंजिन थंड असताना खेळ मोजा, आणि शून्य असेल तर लगेच सैल करा. ओढ तात्पुरती वाढली तरी चालेल.

ऑइलचं थोडक्यात सांगतो. सकाळचा तो एक हिसका बहुतेक वेळा ऑइलचाच असतो: रात्रभर उभ्या गाडीत प्लेटा ऑइलच्या पातळ थराने चिकटतात. गाडी चालू करण्याआधी गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून दोन-तीनदा मागेपुढे हलवली की सुटतात. एवढाच त्रास असता तर मी तुम्हाला काही उघडू नका म्हणालो असतो. पण दिवसभर ओढ असेल तर डबा बघा. त्यावर जासो एमए किंवा एमए2 लिहिलेलं हवं. हे जपानी मानक 1998 पासून आहे आणि त्यातले एमए वर्ग ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीच आहेत. एमबी लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी असतं. जाडी पुस्तकात सांगितलेलीच ठेवा. उन्हाळ्यात इंजिन सांभाळावं म्हणून आपल्याकडे लोक एक पायरी जाड ऑइल टाकतात आणि क्लच जड होतो. पातळीही वरच्या खुणेपेक्षा जास्त नको. डिपस्टिक आवळून मोजायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक बदलतं. चुकीच्या पद्धतीने मोजलं की ऑइल जास्त भरलं जातं. आयडलही बघा, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन किती वेगाने फिरतं ते. बहुतेक अशा गाड्यांत ते मिनिटाला 1400 फेऱ्यांच्या आसपास असतं. ते 1800 वर चढवलेलं असेल तर साधी ओढही भयंकर वाटते.

चाचणीत दोष आत निघाला, तर उघडावंच लागेल. इथे मी एक प्रसंग सांगतो, कारण तो मला अजून टोचतो. धंद्याच्या पहिल्या वर्षात राऊचा एक दूधवाला गाडी घेऊन आला होता. दोन्ही बाजूंना भरलेल्या कॅन, रोज पहाटे तीस किलोमीटर, सतत हाफ क्लच. क्लच सोडत नव्हता. मी उघडलं, कॉर्क झिजलेले दिसले, नवा सेट टाकला, पैसे घेतले. आठ दिवसांत तो परत आला, तोच त्रास. माझ्या उस्तादांनी बाजू उघडायला लावली, प्लेटा बाहेर काढल्या आणि माझं बोट धरून नख हाउसिंगच्या खाचेच्या कडेवरून वरून खाली फिरवलं. नख चार ठिकाणी अडकलं. कॉर्क प्लेटांच्या दातांनी ॲल्युमिनियमच्या कडेवर ठोके मारून मारून चार पायऱ्या पाडल्या होत्या. नव्या प्लेटा त्या पायऱ्यांत जाऊन बसत होत्या आणि प्रेशर प्लेट उचलली तरी मागे सरकतच नव्हत्या. प्लेटा नव्या असोत की जुन्या, त्यांना सरकायला वाट नव्हती. मी दूधवाल्याकडून दुसऱ्यांदा मजुरी घेतली नाही, पण त्याचे आठ दिवसांचे हाल भरून देता आले नाहीत. तेव्हापासून मी प्लेटा हातात घेण्याआधी नख फिरवतो.

तुम्हीही आधी तेच करा. बाजूचं कव्हर काढायचं तर ऑइल काढून घ्या, आणि नवं गॅस्केट हाताशी असू द्या. जुनं गॅस्केट स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, कव्हरला ओरखडा गेला की ऑइल गळत राहतं. स्प्रिंगांचे बोल्ट एकेक पूर्ण न काढता तिरप्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. प्लेटा ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडा. स्टील प्लेट साच्यातून कापलेली असते, त्यामुळे तिची एक कड धारदार असते. ती कोणत्या बाजूला होती हे लिहून ठेवा. मग हाउसिंगची प्रत्येक खाच आणि हबवरचे दात दोन्हीकडे नख फिरवा. नुसती चमक किंवा अगदी उथळ खूण असेल तर बारीक सपाट कानशीने कड सरळ करता येते. कानस नेहमी खाचेच्या पूर्ण लांबीवर, दोन्ही कडांवर सारखी चालवायची, आणि ॲल्युमिनियमचा भुसा एक कणही आत राहू द्यायचा नाही. पायरी अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे खोल असेल तर कानस चालवू नका. घासून घासून खाच रुंद होते, दातांना ठोके मारायला जास्त जागा मिळते आणि गाडी नवा आवाज काढू लागते. तिथे हाउसिंगच बदलायचं. हाच खरा खर्चाचा भाग, आणि नुसत्या प्लेटांच्या सेटने तो टळत नाही.

स्टील प्लेटा तपासायला महागडं काही लागत नाही. खिडकीच्या जाड काचेचा सपाट तुकडा टेबलावर ठेवा, प्लेट पुसून त्यावर ठेवा आणि बोटाने एका कडेला दाबा. वाकडी प्लेट काचेवर टक-टक वाजते, सरळ प्लेट गप्प बसते. मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच घ्या, सियागंजात हत्याराच्या कुठल्याही दुकानात मिळतो. प्लेटेखाली 0.15 चं पातं शिरलं तर वरचा हिशोब आठवा: तुमच्या एका फटीची सगळी जागा त्या वाकडेपणानेच खाल्ली. बऱ्याच पुस्तकांत ही मर्यादा 0.1 ते 0.3 च्या दरम्यान दिलेली असते. निळे-जांभळे डाग असलेली प्लेट मोजण्याआधीच बाजूला ठेवा. तापल्यावरच ओढ आणि थंडीत ठीक, या तुमच्या लक्षणावरून मला सर्वांत जास्त संशय इथेच आहे, कारण वाकलेली प्लेट तापली की आणखी फुगते.

स्प्रिंगांची लांबी व्हर्नियरने मोजा आणि एकमेकींशी ताडून बघा. एक बसलेली असेल तर प्रेशर प्लेट तिरपी उचलली जाते, एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेली. बदलायच्या तर सगळ्या एकदम. प्रेशर प्लेटचं बेअरिंग हाताने फिरवा, खरखरत असेल तर बदला. पुश रॉड त्याच काचेवर लोळवून बघा, वाकडा असेल तर लगेच दिसतो. हब आणि हाउसिंग धरून हलवा. मधला नट सैल किंवा बुश झिजलेलं असेल तर सगळा संच डुलतो, आणि तो नट विशेष हत्याराशिवाय उघडू नका, ते काम गॅरेजलाच द्या.

जोडताना ज्या दोन चुका मी सर्वांत जास्त पाहतो त्या सांगतो. पहिली, नव्या कॉर्क प्लेटा कोरड्या बसवणं. त्या रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवा, नाहीतर पहिल्याच दिवशी चिकटून जळतात. दुसरी, प्रेशर प्लेटवरची खूण हबवरच्या खुणेशी न जुळवणं. काही गाड्यांत बाण किंवा टिंब असतं. ते चुकलं की प्लेट नीट बसतच नाही आणि माणूस आठवडाभर वायरीशी झटापट करत राहतो. बोल्ट तिरप्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. सहा मिलिमीटरचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या खांबांत बसतात, 10 ते 12 न्यूटन मीटर पुष्कळ झाले. जोर लावला की खांबच तुटतो.

दोन गोष्टी तुमच्या गाडीला लागू नाहीत, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतील. वायरीऐवजी हायड्रॉलिक क्लच असेल तर आधी त्यातली हवा काढा. लिव्हर स्पंजासारखा दबत असेल तर उचल हवेत जिरते आहे, आणि द्रव टाकीवर लिहिलेलाच घाला. शेतावर किंवा रिसॉर्टवर चालवतात त्या लहान चारचाकी एटीव्हींत बहुधा क्लचचा लिव्हरच नसतो, इंजिनचा वेग वाढला की आपोआप धरणारा सेंट्रिफ्युगल क्लच असतो. ती उभ्या जागी सरकत असेल तर आधी आयडल उतरवा. तेवढ्याने थांबली नाही, तर क्लचच्या शूज मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा तुटल्या किंवा ढिल्या झाल्या आहेत.

तुमच्यासाठी क्रम असा: आज खेळ मोजून सैल करा, उद्या लिव्हरचा बोल्ट आणि वायर, मग ऑइलचा डबा आणि पातळी, आणि रविवारी गरम गाडीवर पान्याची चाचणी. तिचा निकाल आत निघाला तर मेकॅनिकला सेट आणायला सांगण्याआधी कव्हर उघडायला लावा आणि तुमच्या समोर हाउसिंगवर नख फिरवायला सांगा. तो तयार नसेल तर दुसरा शोधा.

गाडी जोडून झाल्यावर एकदा खंडवा रोडने भेरू घाटापर्यंत जाऊन या. चढावर ट्रकांच्या मागे रांगेत इंजिन पुरतं तापतं, आणि क्लच तिथे न्यूट्रल देतो की नाही ते पलासियापेक्षा लवकर कळतं. नव्या प्लेटा टाकल्या असतील तर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर लिव्हरचा खेळ पुन्हा मोजा, कारण प्लेटा बसताना तो बदलतो. स्टील प्लेट काचेवर वाजली की नाही आणि फीलरचं कोणतं पातं खाली शिरलं, हे आकड्यासकट कळवा. त्यावरून प्लेटा ठेवायच्या की बदलायच्या ते मी सांगतो.